पक्का मळ

स्टेशनच्या जिन्याशी परवा पुन्हा ती लाकडी टपरी उभी राहिली. एप्रिलच्या मध्यावर ती येते आणि जूनच्या चोवीस तारखेनंतर नाहीशी होते. मधल्या दोन-सव्वादोन महिन्यांत तिथे एकच वस्तू मिळते: पांढरी, बोटाएवढी जाड शतावरी, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली. इथले लोक तिला श्पार्गेल म्हणतात, आणि आमच्याकडे थंडीत हुरड्याच्या गप्पा चालतात तशा तिच्या गप्पा मारतात. कुठल्या शेतातली गोड, कुठली तंतूची, यंदा लवकर आली की उशिरा. मला स्वतःला तिची चव अजून नीटशी कळलेली नाही. आमच्या घरी शतावरी म्हणजे बाळंतिणीला दुधातून द्यायची पूड. पण टपरीवालीने फडकं उचललं, खालून गार, ओल्या मातीचा वास आला, आणि मी नकळत अर्धा किलो मागून मोकळी झाले.

पिशवी मांडीवर घेऊन ऊ-बानमध्ये, इथल्या भुयारी रेल्वेत, बसले, तेव्हा लक्षात आलं की मला शतावरी नको होती, दोन हजार पाच सालचा तो वसंत हवा होता.

हॅम्बर्गमधलं ते माझं दुसरं सेमेस्टर. मी मूळची इचलकरंजीची. बाबा दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करतात, शाळा सातवीपर्यंत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि इथे आल्यापासून मला सारखं वाटायचं की एक दिवस कुणीतरी वर्गाच्या दारात येईल, माझं नाव घेईल आणि चूक झाली होती असं सांगून परत पाठवील. तसं कुणी आलं नाही. पण मी नेहमी दाराजवळच्या बाकावर बसायची.

विद्यापीठाच्या खानावळीबाहेर एक चिठ्ठी लागली होती. आठवड्यातून तीन दुपारी टंकलेखनाच्या कामासाठी विद्यार्थी हवा, कॉम्प्युटर येणं आवश्यक, धीर असावा. कॉम्प्युटर येत होता. धीराबद्दल मला खात्री नव्हती, पण नाही म्हणण्याइतकाही धीर नव्हता, म्हणून गेले.

बंदराजवळच्या एका जुन्या शाळेत तिसऱ्या मजल्यावरची खोली. बाक लहान मुलांचे, गुडघे वर येतील असे. खिडकीतून क्रेन दिसायच्या आणि नदीतून ये-जा करणाऱ्या फेरीबोटी. पाऊस तर रोजचाच. त्या खोलीत दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी काही माणसं जमत. शहरातल्या लहान-मोठ्या नाट्यगृहांसाठी कपडेपट तयार करणारी एक कार्यशाळा होती, ती जूनअखेर बंद होणार होती. नाट्यगृहांनी आता तयार कपडे भाड्याने आणायला सुरुवात केली होती. कार्यशाळेच्या कचेरीतल्या लोकांना दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या. पण शिवणारे, टोप्या करणारे, बूट बांधणारे मागे राहिले. बहुतेक परदेशातून आलेले. हात तयार, जर्मन बोलता येतं, पण लिहायची वेळ कधी आलेली नाही. अशा लोकांना नवं काम शोधायला मदत म्हणून शहराने तीन महिन्यांसाठी ती खोली दिली होती आणि फ्राऊ लोरेन्त्सेन नावाच्या एका सल्लागार बाई नेमल्या होत्या. मी त्यांची मदतनीस.

फ्राऊ लोरेन्त्सेन उंच, आखूड केसांच्या, आणि प्रत्येक वाक्यापुढे 'आल्झो' लावून जणू बाह्या सरसावणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात यादी दिली आणि म्हणाल्या, "आल्झो, सुयाता, एकेकाला बोलव आणि माहिती लिहून घे." माझं नाव सुजाता आहे हे मी त्यांना तीन महिने सांगू शकले नाही.

यादीत पहिली आयसेल, टोप्या करणारी, तुर्कस्तानातल्या त्राबझोनहून आलेली, बोलताना समोरच्याच्या डोक्याचं माप डोळ्यांनी घेणारी. मग जोआंव, पोर्तुगीज चांभार, नाटकातले बूट बनवणारा. तिसरं नाव वाचून मी थबकले. काकडे, महादेव.

"हेर काकडे?" मी अगदी व्यवस्थित जर्मन उच्चारात विचारलं.

खिडकीशी बसलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस वळला. त्याने माझ्याकडे, माझ्या वेणीकडे आणि माझ्या हातातल्या यादीकडे पाहिलं.

"गाव कुठलं?" तो मराठीत म्हणाला.

"इचलकरंजी."

"आणि माझ्याशी जर्मन बोलायलीस? कोल्हापूरचा हाय मी. तासाभराची एस्टी."

आयसेलने जर्मनमध्ये विचारलं, "काय झालं? ओळखीची आहे?"

"नातेवाईक," काका म्हणाले.

"कशी नातेवाईक?"

"एका बसच्या अंतरावरची."

त्या दिवसापासून ते माझे महादेवकाका झाले. कोल्हापुरात तरुणपणी सिनेमाच्या कपडेपटात होते. एका नृत्यपथकाबरोबर कपडे सांभाळायला म्हणून युरोपात आले आणि हॅम्बर्गला उटे काकू भेटल्या. पथक परत गेलं, काका राहिले. पंचवीस वर्षं त्या एकाच कार्यशाळेत. वय बावन्न.

आता मला कळतं की त्या खोलीतल्या सगळ्यात अडाणी मीच होते. नोकरीसाठी अर्ज कसा करतात हे मला तरी कुठे माहीत होतं? इथे अर्ज म्हणजे एक फाइल असते. त्यात वर फोटो, मग आयुष्याचा तक्ता, मग जुन्या मालकांची प्रमाणपत्रं, सगळं एका ठरलेल्या क्रमाने, आणि कागदाला सुरकुती चालत नाही. मी आयुष्यात एकच असा तक्ता टाइप केला होता, ताईच्या लग्नासाठी, नेट कॅफेत बसून. तोच माझ्या पेन ड्राइव्हवर होता. मी मनातल्या मनात त्यालाच नमुना धरला आणि आयसेलची माहिती लिहून घेतली.

फ्राऊ लोरेन्त्सेन यांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग चष्मा काढला.

"आल्झो, सुयाता. उंची मी समजू शकते. कदाचित. पण आयसेलच्या मामांचं आडनाव आणि गाव टोपीच्या दुकानाला कशासाठी हवं?"

मला कानापर्यंत गरम झालं. आयसेल मात्र खूश होती. "राहू द्या," ती म्हणाली. "मामा चांगला माणूस आहे."

काकांना सगळं एका क्षणात समजलं. ते बाकावर डोकं टेकून हसत होते. "अगं, शेवटी 'अपेक्षा' लिहिलंस का न्हाई? निर्व्यसनी, पक्की नोकरी?"

लिहिलं होतं. मी पटकन तो कागद घडी घालून खिशात टाकला.

त्या दिवसांतली मुलाखतीची तालीम आठवली की मला अजून ऊ-बानमध्ये एकटीला हसू येतं. फ्राऊ लोरेन्त्सेन यांचा बेत साधा होता. एकाने मालक व्हायचं, दुसऱ्याने उमेदवार, आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. पण ही सगळी नाटकातली माणसं. जोआंव म्हणाला, मालकाला टोपी नसेल तर तो मालक कसला. आयसेलने पिशवीतून काळी उंच टोपी काढली. कुणीतरी टेबल तिरपं केलं, कारण समोरून तोंड दिसत नव्हतं. पडद्याची दोरी ओढून खिडकीतला उजेड एका बाजूने पाडला गेला. मग टोपी घातलेल्या जोआंवने खर्जात विचारलं, "हेर काकडे, तुमच्यातली सर्वांत मोठी उणीव कोणती?"

काकांनी विचार केला. "डावा गुडघा."

फ्राऊ लोरेन्त्सेन मध्ये पडल्या. उणीव अशी सांगायची असते की ऐकणाऱ्याला ती गुण वाटली पाहिजे. उदाहरणार्थ, मी कामात फारच काटेकोर आहे.

काका माझ्याकडे झुकले. "म्हंजे खोटं बोलायचं, आणि ते बी स्वतःच्या खोडीबद्दल?"

"काय म्हणाले ते?" फ्राऊ लोरेन्त्सेननी विचारलं.

"ते फार काटेकोर आहेत असं म्हणाले," मी सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच दुभाषीपणा.

इतकं हसूनही खोलीत एक गोष्ट सगळ्यांच्या मनात असायची. आयसेलचं लग्नाच्या पोशाखांच्या एका दुकानाशी जवळजवळ ठरलं होतं. जोआंवला लिस्बनला मुलीकडे जायचा पर्याय होता. काकांचं मात्र काहीच होत नव्हतं. त्यांच्या करारावर हुद्दा लिहिलेला होता 'रंगारी', आणि माझ्या तक्त्यातही मी तेवढाच एक शब्द घातला होता. फ्राऊ लोरेन्त्सेन यांनी रंगकामाच्या कारखान्यांना फोन केले. बरेच केव्हाच बंद झाले होते. एकाने सांगितलं, ते सगळं काम आता आशियात गेलं.

"मग मी उलट्या दिशेनं आलो म्हणायचं," काका म्हणाले.

एक जागा मात्र तयार होती. घरबसल्या कपडे मागवणाऱ्या लोकांकडून जे परत येतात, त्यांच्या घड्या घालून पुन्हा पाकिटात भरायचं गोदाम. करार पाठवलाही होता. सही करून तेवीस जूनपर्यंत द्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला. काका तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवून हिंडायचे. गोदामाचं काम वाईट नव्हतं. ते स्वतःच म्हणायचे, काम ते काम. पण म्हणताना ते आपल्या हातांकडे बघायचे, आणि मग हात टेबलाखाली जायचे. त्या हातांना आता दुसरं कुणी बोलावील की नाही, एवढाच प्रश्न होता.

मे महिन्यात फ्राऊ लोरेन्त्सेन म्हणाल्या की फाइलीत कामाचे काही नमुने लावू या. पुढच्या वेळी काकांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "बारा तुकडे हायेत. नीट चिकटव. आमच्या कामाचं तेवढंच उरलंय."

डबा मी शुक्रवारी वसतिगृहावर नेला आणि उघडला. आत कापडाचे तुकडे होते, तळहातापेक्षा थोडे मोठे. आणि ते इतके मळके होते की मला काकांचीच कीव आली. एकावर चिखल वाळला होता. एकाची कड घामाने पिवळी पडली होती. एकावर तेलकट बोटांचे ठसे. पंचवीस वर्षं राबलेल्या माणसाच्या रंगाचे नमुने, आणि कार्यशाळेच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून त्यांची ही दशा झाली. असं फाइलीत लावलं तर कोण काम देणार? चारचौघांत जाताना कापड स्वच्छ हवं हे आईने मला अक्षरओळख होण्याआधी शिकवलं आहे.

शनिवारी सकाळी तळघरातल्या मशीनची पाळी माझी होती. मी तुकडे घातले. चाळीस अंशावर. काढून बघितले तर चिखल जिथल्या तिथे. मग साठ अंशावर. काही नाही. माझ्या अंगात एक जिद्दच शिरली. साबणाची वडी आणि ब्रश घेऊन एकेक तुकडा घासला आणि तिसऱ्यांदा मशीन लावलं. त्या फेरीत माझी सणाची पांढरी ओढणीही टाकली, कारण एवढंसं कापड टाकून मशीन फिरवलेलं आईला आवडलं नसतं. ओढणी चांदण्यासारखी निघाली. तुकडे होते तसेच. फक्त एकाची पिवळी कड किंचित फिकी झाली होती.

वाळवून, इस्त्री करून, मी ते सोमवारी डब्यात घालून नेले. रविवारभर वाक्य पाठ करत होते.

"काका, माफ करा. मी तुकडे तीनदा धुतले. पण डाग निघाले नाहीत."

काका डबा घेऊन खिडकीशी गेले. एकेक तुकडा उजेडात धरला, नखाने खरवडला, नाकाशी नेला. मला वाटलं, आता संपलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी जर्मनमध्ये बाकीच्यांना सांगितलं, आणि जोआंवने टोपी काढून मला वाकून नमस्कार केला.

"अगं पोरी," काका म्हणाले, "डाग नव्हंत ते. ते माझं काम हाय."

आणि मग त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. रंगारी हे नुसतं कागदावर. त्यांचं काम होतं नवं कापड जुनं करायचं. शिवून आलेला कोरा कोट नाटकात खलाशाचा वीस वर्षं वापरलेला कोट दिसला पाहिजे. आधी पाण्यात घालून कापडाचा करकरीतपणा मोडायचा. किसणीने कोपर घासायचे. कॉलरला घाम आणायचा, खिशाच्या तोंडाशी हाताचा मळ, खांद्यावर ऊन. "आणि नाटक काय एकदा हुतं व्हय? नट घामेजतो, कपडा दर खेळानंतर धुवायला पडतो. मळ निघून गेला तर दुसऱ्या दिवशी भिकारी न्हाऊनधुऊन हजर. म्हणून मळ पक्का पायजे. दिसायला कालचा, टिकायला पक्का."

"आणि ही फिकी झालेली कड?" मी विचारलं.

त्यांनी तो तुकडा दूर धरला. "हं. हा घाईत केला हुता. बरं केलंस धुतलास."

फ्राऊ लोरेन्त्सेन हसल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या तक्त्यातल्या 'रंगारी' या शब्दावर पेन्सिलने रेघ मारली होती आणि त्या विचारत होत्या, "हेर काकडे, हे तुम्ही मला दोन महिने का सांगितलं नाही?"

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले. "कापड मळवतो, एवढंच."

मला वाटतं, त्या वसंतात मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या एका उत्तरात होतं. रोज करतो ते काम माणसाला काम वाटतच नाही. त्या आठवड्यात मी फोनचं कार्ड घेऊन बाबांना फोन केला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही नेमकं काय करता?" ते गोंधळले. म्हणाले, "माग चालवतो की." मी पुन्हा विचारलं, म्हणजे काय काय करता? मग जरा लाजत म्हणाले की सोळा माग चालू असले तरी कुठल्या मागाचा धागा तुटायला आलाय हे त्यांना आवाजावरून कळतं. मी तेवीस वर्षांची होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

आता प्रश्न असा की जुनं केलेलं नवं कापड कुणाला हवं? त्या बुधवारी खोलीतल्या सगळ्यांनी त्यावर डोकं लढवलं. काका म्हणाले, मजाच आहे, जन्मभर नव्याचं जुनं केलं, आता गोदामात वापरलेल्याचं नवं करायचं. आयसेल म्हणाली, तिचा मुलगा दुकानातून मुद्दाम फाटकी जीन्स आणतो, त्या कंपनीला लिहा. जोआंव बुटाची नाडी ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "जिथे खरं जुनं ठेवतात, तिथे विचारा ना."

फ्राऊ लोरेन्त्सेन फोनकडे गेल्या.

असं आम्ही एका लहान संग्रहालयात पोचलो, जिथे खलाशांचे कपडे जपून ठेवले होते. जूनचा मध्य होता, लिंडेनची झाडं फुलली होती आणि पावसात तो मधासारखा वास सगळ्या रस्त्यावर बसला होता. दुसऱ्याच दिवशी माझी थर्मोडायनॅमिक्सची परीक्षा होती. काका म्हणाले होते, "तू चल. मला जर्मन बोलता येतं, पण सांगता येत न्हाई." मी माझा चांगला सलवार-कमीज घातला, वर ती पांढरी ओढणी, वर रेनकोट.

तिथल्या कापडांची दुरुस्ती बघणाऱ्या बाई बारीक आवाजाच्या होत्या. टेबलावर एक निळं जाकीट होतं, शंभरेक वर्षांचं, आतलं अस्तर विरलेलं. त्यांनी समजावलं की अशा विरलेल्या कापडाला मागून आधाराचं कापड लावतात. ते नवं असावं लागतं, पण नवं दिसता कामा नये. मग त्यांनी काकांचे तुकडे भिंगातून पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग खुर्ची ओढून बसल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्यासाठी दिसणं ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे रंग सुटता कामा नये. दमट हवेत थोडा जरी उतरला तरी मूळ कापड गेलं. याची चाचणी झालीय का? काही अहवाल?"

काकांनी मान हलवली. अहवाल नव्हता. प्रमाणपत्रात फक्त 'रंगारी' आणि 'वेळेवर येत असे' एवढंच होतं. त्यांनी तुकडे गोळा करायला घेतले. डब्याचं झाकण शोधत होते, आणि मला दिसलं की त्यांचा दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

मी परक्या ठिकाणी आपणहून कधी बोलत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पण माझं तोंड उघडलं.

"मी धुतलेत," मी म्हणाले. व्याकरण सगळं कोसळलं होतं. "मी. तीन वेळा. साठ अंशावर. साबणाने, ब्रशने. मला वाटलं घाण आहे."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही हे साठ अंशावर धुतले?"

"हो. आणि शेवटच्या वेळी पांढऱ्या ओढणीबरोबर."

"आणि ओढणीचं काय झालं?"

मी रेनकोटची बटणं काढली. "हीच ती."

त्या उठल्या. विचारलं, चालेल का? मी मान डोलावली. त्यांनी ओढणीचा पदर टेबलाच्या दिव्याखाली पसरला आणि भिंगातून इंच इंच करून पाहिला. मी ओढणीच्या दुसऱ्या टोकाला, वाकून उभी. काका भिंतीकडे बघत होते. नंतर त्यांनी सांगितलं की आमच्याकडे बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

"माझी चाचणी मला करावीच लागेल," बाई शेवटी म्हणाल्या. "पण अशी चाचणी माझ्याकडे आजवर कुणी केली नव्हती." त्यांनी तीन तुकडे ठेवून घेतले. ओल्या टिपकागदात दाबून काही दिवस ठेवणार होत्या.

परीक्षेत मला सगळं आलं नाही. पण मी पहिल्या रांगेत बसून ती दिली, हे मात्र मला आठवतं.

बावीस जूनला उत्तर आलं नव्हतं. तेवीसला खोलीतला शेवटचा दिवस. उटे काकू एवढं मोठं पातेलं घेऊन आल्या, आत उकडलेली शतावरी, बटाटे, वर वितळलेलं लोणी. म्हणाल्या, उद्यानंतर तोडत नाहीत, आज खाऊन घ्या. सगळे खात होते आणि काका मात्र कागद समोर ठेवून पेन चाचपत होते. पाच वाजेपर्यंत तो गोदामाच्या कचेरीत पोचवायचा होता. तीन वाजून गेले असतील. फोन वाजला.

फ्राऊ लोरेन्त्सेन यांनी उचलला. "हो," त्या म्हणाल्या. मग त्या ऐकत राहिल्या, मधूनमधून फक्त 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा एकच शब्द. "गेनाऊ." आयसेलने काटा खाली ठेवला. "गेनाऊ. गेनाऊ." त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. जोआंव माझ्या कानात म्हणाला, चौथ्या गेनाऊला नोकरी असते. चौथा गेनाऊ आला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आल्झो. अर्धा दिवस. दीड वर्षासाठी, मग पुढे बघू. सोमवारपासून."

काका उठले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी पेनला टोपण लावलं. उटे काकूंनी त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ताटातल्या शतावरीची कडक टोकं समोरच्या कागदावर टाकली आणि पुरचुंडी केली. मग कुणीतरी टेबल तिरपं केलं, जोआंवने टोपी घातली आणि विचारलं, "हेर काकडे, तुमचा गुडघा कसा आहे?" त्या दुपारी इतका आवाज झाला की खालच्या मजल्यावरून कुणी विचारायला आलं.

सगळ्यांचंच असं झालं नाही. जोआंव लिस्बनला गेला. तिथून त्याची पत्रं येतात, पण आयसेलच्या पत्त्यावर, आणि आत मजकुराऐवजी टोप्यांची चित्रं. लग्नाच्या दुकानात आयसेलला टोप्या करायला मिळत नाहीत, बुरखे शिवावे लागतात, नवरीच्या तोंडावरचे, जाळीचे. ती म्हणते, डोकी तीच आहेत.

माझा अभ्यासक्रम या उन्हाळ्यात संपतो. टेबलावर माझी स्वतःची फाइल उघडी आहे, आणि 'कौशल्ये' या शब्दाखाली मी तीन दिवस काहीही लिहू शकलेले नाही. म्हणूनही असेल, शतावरी घेऊन मी घरी न जाता परवा सरळ संग्रहालयात गेले. काकांची दीड वर्षं संपून दुसरा करार झाला आहे, आता पूर्ण दिवसाचा. ते निळं जाकीट नुकतंच काचेत मांडलं होतं. शाळेच्या मुलांचा एक घोळका समोर उभा होता, त्यांच्या बाई सांगत होत्या की हे किती जुनं आहे आणि किती छान टिकलं आहे.

काका कामाचा डगला घालून घोळक्याच्या मागे येऊन उभे राहिले. मला हाताने पुढे व्हायची खूण केली. मी काचेला नाक लावलं. जाकीट थोडं उघडं ठेवलं होतं, आतलं अस्तर दिसेल असं. मी शिवण शोधली, रंगातला फरक शोधला, एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने. मला माहीत होतं की कुठेतरी खाली त्यांचं कापड आहे.

मुलं पुढे गेली.

"दिसतंय का कुठं?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही हो काका. कुठेच नाही."

"बघ, नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. "खरंच नाही दिसत."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग डगल्याच्या खिशात दोन्ही हात घालून ते काचेपुढे माझ्याशेजारी उभे राहिले, आणि कितीतरी वेळ आम्ही दोघं जे दिसत नव्हतं ते बघत होतो.